विहिरीची साक्ष

अहिल्यानगर
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

जय भीम. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोर्टाचं आहे का?" म्हणाल्या. म्हटलं, नाही, भावाला लिहायचंय. त्यांना ते कोर्टापेक्षा अवघड वाटलं असावं, कारण पुढे काही बोलल्या नाहीत.

आमचं जायचं नक्की झालं. अकरा नोव्हेंबरला मुंबईहून विमान. युगांडातल्या एका मिशन दवाखान्यात रेश्मा नर्स म्हणून, मी लॅबमध्ये, आणि रविवारी आसपासच्या खेड्यांत उपदेश. मोनिका नववीला तिथल्या शाळेत जाईल. रेश्माने नोकरीचा राजीनामा दिला. पीतज्वराची लस टोचून झाली. पोरीला काही झालं नाही, मला दोन दिवस ताप. रेश्मा म्हणते, सुई बघूनच आला. घरात पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे बॅगा. माणशी तेवीस किलो. येसर मसाल्याचा डबा दोनदा आत गेला आणि दोनदा बाहेर आला.

आता मुद्द्याचं. आम्हाला पाठवणारी जी समिती आहे, तिने माझ्या साक्षीचा व्हिडिओ काढलाय. साक्ष म्हणजे, आपण ख्रिस्ताकडे कसे आलो ते चारचौघांत सांगायचं. सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाला ती द्यावी लागते. तो व्हिडिओ फिरत फिरत गावात पोचला आणि तू पाहिलास, असं तुझ्या सम्राटने कळवलं. त्यात विहिरीचा उल्लेख आहे. त्यावरून तू मनात काही आणू नयेस. मी बावीस मिनिटं बोललो, त्यांनी चार ठेवली. कापाकापीत मागचं-पुढचं जातं. शिवाय मी तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही. 'माझा मोठा भाऊ' एवढंच म्हटलंय.

एकोणीस ऑक्टोबरला आमच्या चर्चमध्ये पाठवणीची उपासना आहे. तू, वहिनी, आई, सम्राट, सगळे या. पुढच्या रांगेत जागा ठेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

तुझा,
नितीन


अहिल्यानगर
२८ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. सम्राटला विचारलं. तो म्हणाला, तू पत्र दोनदा वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि जेवता जेवता म्हणालास, "नाव घेतलं न्हाई म्हनतो. ह्याला भाऊ किती हायेत?"

बरोबर आहे. मला एकच भाऊ आहे.

मग आता जे झालं ते लिहितो. हे तुला ठाऊक आहे, पण मी ते खरं तसं कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून निदान तुला तरी लिहून पाहतो.

मे २००४. कालवा कोरडा पडला होता म्हणून आमचा बाप्तिस्मा पुष्पावतीबाईंच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत ठरला. तू पंधरा दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. "बापानं आपल्याला धम्मात आनलं, त्यात काय कमी पडलं तुला?" एवढं एकदा विचारलंस. त्या दिवशी मी मळ्यात पोचलो तर तू सायकल बाभळीला टेकवून उभा. म्हणालास, "जायचं तर जा तिकडं. पर तुला पवता येत न्हाई आन हीर सात परस खोल हाय." आणि कपड्यांसकट उतरलास. माझ्या खालच्या पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिलास. पाळकांनी मला बुडवलं, शेवाळावरून माझा पाय सटकला, आणि तू मागून बनियन धरून मला वर ओढलंस. मी खोकत होतो आणि वर सगळे गात होते.

हे एवढंच झालं. पहिल्या वर्षी तरुणांच्या शिबिरात मी हे असंच सांगितलं. कुणी ऐकलं नाही. माझ्याआधी एकाने दारू, मारामारी, तुरुंग असं सांगितलं होतं, त्याला लोक रडले होते. माझ्या वेळी एक जण नखं कुरतडत होता. शेवटी एका वडीलधाऱ्याने विचारलं, "भाऊ विरोधात होता ना?" मी म्हटलं, होता. लोक सरसावून बसले.

पुढच्या वेळी मी म्हटलं, भाऊ रागात होता. मग म्हटलं, माझ्या मागे विहिरीत उतरला. मग म्हटलं, मागून माझं बनियन धरलं. बघ, यातलं एकही खोटं नाही. मी फक्त तिथे थांबायला लागलो. पुढचं ऐकणारे स्वतः भरून घ्यायचे. रेश्माच्या वडिलांनी त्या थांबण्यावरच मला मुलगी दिली. "ज्याने विश्वासासाठी इतकं सोसलं, त्याच्या घरी माझी पोर सुखात राहील," असं ते म्हणाले तेव्हा मी खाली मान घालून बसलो. त्यांना ती नम्रता वाटली.

मग २०१६ साली मुंबईला मोठी सभा. तीन हजार माणसं, आणि माझ्या तोंडून गेलं, 'ढकललं'. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. दादा, लोक आपल्यासाठी रडतात याची चटक लागते. जीभ एकदा सैल सुटली की तिला लगाम नसतो, हे आई आपल्याला लहानपणापासून सांगायची.

साक्ष दिली की पुढचे दोन-तीन महिने मला गावी यायला जमायचं नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी 'शिबिर आहे' म्हणालो ना? शिबिर नव्हतं. तुझ्यासमोर बसून वहिनीच्या हातची भाकरी खाणं माझ्याने झालं नसतं. गेली तीन वर्षं मी आलोच नाही, आणि तुला वाटलं असेल की ह्याला शहराचं वारं लागलं.

आता माझं ऐक. दीड महिन्याने मी इथे नसेन. लोक दुसरा व्हिडिओ बघतील, हा विसरतील. समितीला सांगून मी तो हळूच काढायला लावतो. तोवर गप्प राहू या. आणि रेश्माला यातलं काही ठाऊक नाही, तेवढं सांभाळ.

नितीन


अहिल्यानगर
६ ऑक्टोबर

दादा,

सम्राटचा फोन आला होता. मी लॅबमध्ये होतो, हातात रक्ताच्या नळ्या. तो बोलत होता आणि मी नळ्या स्टँडमध्ये लावत होतो. नंतर पाहिलं तर सगळ्या उलटसुलट लागल्या होत्या.

आई घर सोडून भारतीताईकडे पाथर्डीला गेली, हे तू मला कळवलं नाहीस. कळवणार तरी कसा?

शेजारच्या राहीबाईने तिला मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. आईने माझा आवाज ओळखला, मी रडतोय हे ऐकलं, आणि 'माझ्या सख्ख्या भावाने मला विहिरीत ढकललं' हेही ऐकलं. तिने तुला विचारलं, "त्या दिशी तू वला होऊन आल्तास. मला म्हनलास मोटर काढाया हिरीत उतरलो हुतो. खोटं बोल्लास का न्हाई?"

आणि तू म्हणालास, व्हय, खोटं बोललो.

दादा, ते खोटं तू माझ्यासाठी बोलला होतास. आईला माझ्या बाप्तिस्म्याचं इतक्यात कळू नये, तिच्या जिवाला घोर लागेल म्हणून तू मोटरचं सांगितलंस. एकवीस वर्षांनी तेच ओले कपडे तुझ्यावर उलटले. आई म्हणाली, मग नितीन खरंच बोलतोय. त्या दिवसापासून तिने तुझ्या घरचं पाणी सोडलं. आठव्या दिवशी पिशवी भरून फाट्यावर जाऊन बसली आणि जीपने पाथर्डीला गेली. जाताना दारोदार सांगत गेली की माझा थोरला धाकट्याच्या जिवावर उठला.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात दरवर्षी तू पंचशील म्हणवून घेतोस. यंदा तू मागे, चपलांपाशी उभा राहिलास म्हणे. कुणी तुला काढलं नव्हतं, तू स्वतःच गेलास. सम्राटने विचारलं, आजीला खरं का सांगत न्हाई? तर तू म्हणालास, "मी भावाला मारलं न्हाई, हे मला माज्या आईला सांगाया लागावं?"

हे ऐकून मी फोन ठेवला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो. मला लाज वाटली, दादा. देवासमोर वाटते ती नाही. तिला मी चांगला सरावलोय, ती दर रविवारी वाटते आणि प्रार्थनेनंतर जाते. ही जात नाहीये.

घरी जाऊन रेश्माला सगळं सांगितलं. ती बॅगेला कुलूप लावत होती. कुलूप लावून झाल्यावर म्हणाली, "माझ्या पप्पांना पण हेच सांगितलं होतं?" म्हटलं, हो. "आणि मला?" म्हटलं, तुलाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. आधीच घासलेली होती ती. मग तिथूनच म्हणाली, "आधी चर्चमध्ये सांग. मग आईंकडे जा. मग माझ्याशी बोल."

पाळकांना भेटलो. ते कळवळून म्हणाले, "भाऊ, ही साक्ष ऐकून किती जण प्रभूकडे आले. आता तिला हात लावला तर दुबळ्यांचा विश्वास डळमळेल. तुम्ही मनात पश्चात्ताप करा, पुरे." चांगला माणूस आहे. महिन्यापूर्वी त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

मी एकोणीस तारखेला सर्वांसमोर सांगणार आहे. तू ये असं म्हणत नाही.

नितीन


अहिल्यानगर
२० ऑक्टोबर

दादा,

काल सांगितलं.

चर्च भरलं होतं. बाहेर मांडव, फिती, आमच्या तिघांचा फोटो असलेला फ्लेक्स. समितीचे लोक पुण्याहून आलेले. मी उभा राहिलो आणि म्हटलं, विहिरीची साक्ष खोटी आहे. माझ्या भावाने मला ढकललं नाही. तो माझ्यासाठी पाण्यात उतरला, मी बुडत होतो आणि त्याने मला ओढून काढलं. त्याचं नाव जालिंदर. तो बौद्ध आहे आणि त्याने कधी माझ्यावर हात उगारला नाही.

मला वाटलं, कुणीतरी उठून जाईल. कुणी ओरडेल. निदान शांतता तरी पसरेल.

टाळ्या वाजल्या, दादा. आधी पुढे, मग सगळीकडे. मागून 'हालेलूया' आलं. पाळक उठले, त्यांनी मला मिठी मारली आणि माईकवर म्हणाले, "बघा, क्षमा कशी असते! भावाचा अपराध आपल्या अंगावर घेऊन भावाला निर्दोष ठरवणं, हेच आपल्या प्रभूने शिकवलं!" मी नाही नाही म्हणत होतो. जितकं नाही म्हणावं तितके लोक डोळे पुसत होते. रेश्माचे वडील तर उभे राहून रडले. आणि, तुझ्यापासून काय लपवू, क्षणभर मला ते गोड लागलं.

नंतर जेवणावळीत एकाने माझ्या पानात जिलबी वाढत म्हटलं, "नितीनभाऊ, असा भाऊ आम्हाला असता तर आम्ही पोलिसात दिला असता. तुमचं मन मोठं." मी जिलबी खाल्ली नाही, एवढंच काय ते माझं शौर्य.

रिक्षात मोनिका बाहेर बघत बसली होती. घर येता येता म्हणाली, "पप्पा, तुम्ही खरं बोललात आणि त्यांना अजून चांगले वाटलात." रेश्मा तिला गप्प बस म्हणाली नाही.

आज समितीला लेखी दिलं. सही केली, तारीख घातली, भावनेचं एकही वाक्य घातलं नाही. 'मी खोटी साक्ष दिली, व्हिडिओ काढून टाका' एवढंच. भाषणावर टाळ्या पडतात, अर्जावर पडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाथर्डीला जातो.

नितीन


पारनेर, एसटी स्टँड
२८ ऑक्टोबर, दुपार

दादा,

गावची गाडी साडेचारला आहे. आई शेजारच्या बाकावर बसलीय. इथून पुढे ती एकटीच जाणार म्हणते, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देणार आहे.

काल पाथर्डीला पोचलो तेव्हा ताईच्या गल्लीत ऊसतोडीला निघालेल्यांचं सामान ट्रॅक्टरवर चढत होतं, भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी. आई ओट्यावर बसून ते बघत होती. मला बघून ती उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि माझी मान वळवून मागे बघितलं. इतक्या वर्षांनी कुठे खूण दिसते का ते बघत होती.

मी सगळं सांगितलं. सावकाश, पहिल्यापासून. ती ऐकत राहिली आणि माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "तुमच्यात माफ करत्यात म्हनं. तू देवाचा मानूस, तू केलं आसशील माफ. मी आई हाय. मी न्हाई करनार."

ताई म्हणाली, "आई, त्यो खरं सांगतोय." आई म्हणाली, "तुला काय कळतंय? त्यो लहानपनापून आसाच हाय. दुसऱ्याचं पाप पांघरून घेतोय."

दादा, तेव्हा मला कळलं की मी किती खोल खणलंय. मी चांगला आहे यावर तिचा इतका विश्वास की मी वाईट आहे हे तिला माझ्याही तोंडून पटेना. तू बोलला असतास तरी पटलं नसतं. म्हणून मग मी ते सांगितलं जे तुलाही पक्कं माहीत नसेल.

आपली गाभण शेळी आठवते? मी नऊ वर्षांचा होतो. ती कुणाच्या तरी रानात युरिया खाऊन मेली. मी सांगितलं, दादाने बांधली नाही. बापाने तुला दाव्याने मारलं, खांद्यापासून कमरेपर्यंत वळ. तू एक शब्द बोलला नाहीस. आईने हळद लावली तुला. आणि मी रडत होतो म्हणून मला मांडीवर घेतलं.

मी म्हटलं, आई, ती शेळी मी सोडली होती. गोट्या खेळायला जायचं होतं. दादा त्या वेळी रानात नव्हताच.

गल्लीतला ट्रॅक्टर सुरू झाला, पोरं ओरडली, तो गेला. मग तिने मांडीवरचा माझा हात उचलून बाजूला ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"मंग तू रडत का हुतास?" तिने विचारलं.

म्हटलं, भ्यालो होतो, मला पण मारतील म्हणून.

"आन आता त्या मोबाईलात रडत हुतास, त्ये?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. आत जाऊन पिशवी भरायला लागली. ताई म्हणाली, उद्या अजिनाथदाजी जीपने सोडतील. आई म्हणाली, "न्हाई. ह्यो मला सोडाया येनार. एसटीनं."

आज सकाळी निघालो. गाडीत तिने खिडकी धरली आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. कंडक्टर दोनदा म्हणाला, आजी, पिशवी खाली घ्या, तुमचं माणूस उभं आहे. ती ऐकू येत नसल्यासारखी बाहेर बघत राहिली. नगरपर्यंत मी उभा होतो.

समितीचं उत्तर काल आलं. आमचं जाणं थांबवलंय, पुढे कधी विचार करू म्हणतात. व्हिडिओ काढलाय, पण ज्यांच्या मोबाईलमध्ये उतरला तिथून कोण काढणार? रेश्मा जुन्या दवाखान्यात परत घेतात का विचारायला गेलीय. माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. मोनिका मात्र बोलते, आणि तिच्याशी बोलताना मी आता प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेतो.

दादा, मला माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, वर खाडाखोड दिसेल तुला. ते मागायचीही मला सवय आहे. तू चपलांपाशी उभा होतास तिथून पुढे ये, पंचशील तूच म्हणवून घे, एवढंच मागतो. आणि आईला आत घे.

नितीन

ता. क. – गाडी लागलीय, सुटायच्या आत एवढं लिहितो. आईने विचारलं, काय लिव्हलंस? वाचून दाखव. मी सगळं वाचलं, हातचं काही न राखता. ती म्हणाली, हिरीचं सगळं परत सांग. सांगितलं. आणखी एकदा, म्हणाली. तिसऱ्या वेळेला तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी विचारलं, आई, हे काय करतेस?

"पाठ करतीया," म्हणाली. "जाताना दारोदार सांगत गेले हुते, माज्या जालिंदरनं ढकललं म्हनून. आता त्याच दारांनी मागारी जाऊन सांगाया पायजे, मी चुकले म्हनून."

मी म्हटलं, आई, तू कशाला? लाज मला वाटू दे. मी येतो तुझ्याबरोबर, मी सांगतो सगळ्यांना.

गाडी फलाटाला लागत होती. तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "तू नको. तुला लई चांगलं सांगता येतंय."